पुरचुंडीचा अपराध

समारंभाचे अध्यक्ष, गावच्या ज्येष्ठमंडळाचे धुरीण आदरणीय मामबेताली आता, अवघ्या गावाचे आजोबा. जिल्हा शिक्षण कार्यालयातून बर्फाळ खिंड ओलांडून आलेले प्रमुख अतिथी माननीय उमेतोव साहेब. आपल्या कर्तव्यदक्ष मुख्याध्यापिका. आजच्या सत्कारमूर्ती, शाळेच्या स्वयंपाकीण झुराकान एजे, म्हणजे आपणा सर्वांच्या थोरल्या ताई, ज्यांना मघापासून तीनदा खुर्चीवर बसविले आणि ज्या चौथ्यांदा उठून चहा ओतू पाहत आहेत. सहकारी शिक्षकवृंद, पालकहो, आपा म्हणजे आज्यांनो, आता म्हणजे आजोबांनो, आणि पहिल्या चार रांगांमध्ये अपूर्व शांततेने विराजमान झालेल्या चौऱ्याण्णव बालकांनो, ज्यांची ही शांतता टिकण्याचा कालावधी मी गणिताने बारा मिनिटे काढला आहे!

मी एसेंगुल. या शाळेत सव्वीस वर्षे भूमिती शिकवतो आणि बारा वर्षे उपमुख्याध्यापक या पदाचा भार वाहतो. हे पद म्हणजे मुख्याध्यापिका ज्या कामांना नकार देऊ शकतात, त्या कामांचे अंतिम विश्रांतिस्थान. आजचे भाषण हे त्यांपैकीच एक.

या भाषणाची संहिता मला जिल्हा कार्यालयातून संमत होऊन आली होती. तीन परिच्छेद. पहिल्यात एजेंचा जन्म, दुसऱ्यात सेवा, तिसऱ्यात निवृत्ती. अत्यंत सुबक रचना! दुर्दैवाने आज सकाळी मी घाईत त्या कागदात कुरूत बांधून आणले, आणि खारट दह्याच्या त्या वाळलेल्या गोळ्यांनी दुसरा परिच्छेद पूर्णतः शोषून घेतला. म्हणजे जन्म शाबूत आहे, निवृत्ती शाबूत आहे, केवळ मधली एकतीस वर्षे नष्ट झाली. तेव्हा ती मला स्मरणातून सांगावी लागतील. साहेब, आपली अनुज्ञा गृहीत धरतो.

मंडळी, मनुष्यजातीपुढे अनेक गहन प्रश्न आहेत. परंतु सात वर्षांच्या मुलाने ओठ घट्ट मिटून घेतले असता त्या दोन ओठांमधून अन्नाचा एक कण आत कसा न्यावा, या प्रश्नापुढे मी भल्याभल्यांना हतबल होताना पाहिले आहे. मी स्वतः पिता आहे. माझ्या थोरल्याने तीन वर्षे फक्त बटाटा खाल्ला. तोही त्रिकोणी कापलेला. चौकोनी कापला तर तो रडत असे. भूमितीच्या शिक्षकाला याहून कठोर शिक्षा काय असू शकते?

आपल्या शाळेत सकाळी दहाच्या सुट्टीत मुलांना शासनाकडून अल्पोपाहार मिळतो. आरंभी तो एक पाव आणि एक पेला चहा, अशा स्वरूपात असे. पाव खाल्ला जाई की फेकला जाई, याचे उत्तर शाळेमागच्या कुत्र्यांच्या प्रकृतीवरून मिळत असे. ती कुत्री जिल्ह्यात अग्रगण्य होती. एजेंनी पावाऐवजी लापशी केली. मुलांनी नाके मुरडली. भोपळा किसून घातला. मुलांनी तो इतक्या कौशल्याने वेचून बाजूला काढला, की त्यांच्या हातांच्या सूक्ष्म हालचालींविषयी मला शास्त्रीय कुतूहल वाटू लागले. आणि सुट्टी संपली की तीच बालके रस्त्यापलीकडच्या टपरीत जाऊन चमचमीत कुरकुरे आणि नारिंगी रंगाचे पाणी घेत.

अशा परिस्थितीत, दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत, पहिलीच्या वर्गात एक मुलगी आली. तिचे नाव आकमारल. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी नाव घेताच तिने मान खाली घातली आहे. बाळ, घाबरू नकोस, मी तुझे गुण सांगणार नाही.

आकमारलची आई मॉस्कोत एका गोदामात काम करते. मुलगी राहते आजीपाशी, उमसुनाय आपांपाशी. या मुलीचा आहार काय होता? पाकिटातल्या कोरड्या शेवया. शिजवलेल्या नव्हेत; कोरड्या, कडाकडा चावून, वर मसाल्याची पुडी शिंपडून. सकाळी तेच, दुपारी तेच. गावच्या परिचारिकेने तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाली, ‘आगाय, अहो गुरुजी, हिच्यात रक्त आहे कुठे? हा तर पांढरा कागद आहे.’

एजेंनी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बोलावले. मी तेथे केवळ प्रशासकीय कारणास्तव, म्हणजे चहासाठी, उपस्थित होतो. तो संवाद मला शब्दशः आठवतो.

‘का गं, दात दुखतात?’

‘नाही.’

‘मग खात का नाहीस?’

‘वास येतो.’

‘कसला वास येतो?’

‘जेवणाचा.’

तोवर एकोणतीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडावर इतके स्पष्ट मत कोणी दिले नव्हते. मग त्यांनी अखेरचे अस्त्र काढले. म्हणाल्या, ‘बरं, केशिकसुद्धा खात नाहीस?’

मुलीने प्रथमच वर पाहिले. म्हणाली, ‘आमच्याकडे केशिक येतच नाही. आजी कार्याला जात नाही ना. तिचे गुडघे गेलेत.’

सभाजनहो, केशिक म्हणजे काय हे या सभागृहात सांगणे म्हणजे माशांना पोहणे शिकविणे होय. लग्नकार्याला, बारशाला, श्राद्धाला गेलेली प्रत्येक आपा उठताना पानावरचे तळलेल्या कणकेचे चार बोरसोक, मांसाचा तुकडा, मूठभर मनुका पुरचुंडीत बांधून घरी आणते. त्यात मेजवानीचा आशीर्वाद असतो. आणि आपण सगळे लहानपणी दाराशी तिची वाट पाहत उभे राहिलेलो आहोत. मी आपणांस विचारतो, आपल्या आईने घरी तळलेला बोरसोक आपण ताटात ठेवून पळालो की नाही? आणि तोच बोरसोक, दोन तास कोटाच्या खिशात चेपून, दोऱ्याची लव आणि खिशातली तंबाखू लावून कार्यातून आला, तेव्हा त्याच्यासाठी भावंडांशी मारामारी केली की नाही? उमेतोव साहेब, आपणही केलीच असेल. आपल्या डाव्या भुवईवरची ती खूण मी भूमितीच्या दृष्टीने पाहिली आहे.

तर या तत्त्वाला मी ‘केशिकाचा सिद्धांत’ असे नाव दिले आहे. अन्नाचे गुण अन्नात वसत नाहीत. ते कोठून आले आणि कोणासाठी आले, यात वसतात. हा सिद्धांत मी आज मांडतो आहे. एजेंनी तो त्याच दिवशी सिद्ध केला होता, आणि तोही एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकमारलला पुन्हा खिडकीपाशी बोलावले आणि एप्रनच्या खिशातून एक पुरचुंडी काढली. म्हणाल्या, ‘एका कार्याला गेले होते. तुझ्यासाठी आणलंय.’

‘कुणाच्या कार्याला?’

‘होतं गं एक. मोठी माणसं होती. तू नाही ओळखत.’

मंडळी, हे धादांत असत्य होते. आदल्या दिवशी एजे संध्याकाळभर जात्यापाशी बसल्या होत्या. जव कढईत खरपूस भाजून, दळून, त्या तल्कानात तूप आणि बारीक चिरलेले जर्दाळू घालून त्यांनी अक्रोडाएवढे लाडू वळले होते. सोबत एक कुरूत आणि सुकवलेल्या सफरचंदाच्या दोन चकत्या. कार्य कुठलेही नव्हते. यजमान नव्हते, पाहुणे नव्हते. होती ती एक जात्यापाशी बसलेली बाई.

मुलीने गाठ सोडली. वास घेतला. मी श्वास रोखून धरला होता. उपमुख्याध्यापकाच्या सेवानियमांत अशी तरतूद नाही, तरीही. तिने एक लाडू तोंडात घातला, दुसरा मुठीत धरला आणि विचारले, ‘हा आजीला नेऊ?’

त्या दिवसापासून रोज. आणि अर्थातच तिच्या बाकावरच्या मुलीने प्रश्न केला, ‘मला का नाही केशिक?’ तिच्या मागच्याने केला. आठवडाभरात चौऱ्याण्णव मुले दहाच्या ठोक्याला खिडकीपाशी रांगेत उभी राहू लागली. लापशी बंद. कुत्री वाळली. टपरीवाल्याने, ज्याला सगळे ‘बायके’ म्हणजे दादा म्हणतात, माझ्याकडे तक्रार केली की धंदा बसला. मी त्याचे सांत्वन केले आणि त्यालाही एक लाडू दिला. आता तो जर्दाळू विकतो.

किंमत विचाराल, तर बंद पाकिटातल्या एका वेफरच्या दामात एजेंच्या तीन पुरचुंड्या होत. हे मी एकदाच सांगतो, कारण साहेबांना ते ठाऊक आहे आणि त्यांच्या अहवालात ते अनवधानाने राहून गेले आहे.

एक प्रश्न मात्र उरला होता. चौऱ्याण्णव पुरचुंड्यांना वस्त्र कोठून आणायचे? या प्रश्नाचे उत्तर मी थोड्या वेळाने देईन. तोवर आपण सर्वांनी या सभागृहाच्या सहा खिडक्यांकडे पाहावे आणि तेथे काय नाही याचा शांतपणे विचार करावा.

आता मी अशा प्रसंगाकडे वळतो, जो आपल्याच गावात घडू शकतो. मुले घरी गेली. आज्यांनी विचारले, ‘शाळेत काय खाल्लंस रे?’

‘केशिक.’

‘केशिक? कुठल्या कार्याचं?’

‘मोठ्या माणसांच्या.’

झाले! आदरणीय सालकीन आपा समोर बसल्या आहेत. त्यांची क्षमा मागून सांगतो. साठ वर्षांत या खोऱ्यातले एकही कार्य सालकीन आपांवाचून झालेले नाही. त्यांना आमंत्रण न देणे म्हणजे कार्याची अवैधता स्वतःहून मान्य करणे. आणि येथे तर रोज कार्य होत होते! रोज केशिक येत होते! आणि त्यांना पत्ता नाही! आपांनी शेजारच्या घरी जाऊन सरळ विचारले, ‘लपूनछपून मुलगी दिलीत ना?’

शेजारी म्हणाले, ‘आपा, आम्हांला मुलगीच नाही.’

‘मग सून आणली असेल. माझ्यापासून काय लपवता? पोराच्या तोंडाला तुपाचा वास येतो रोज.’

पंधरवड्यात गावात चार घरांचे बोलणे बंद झाले. विरजण मागायला कोणी कोणाकडे जाईना. प्रत्येकाला वाटे की दुसऱ्याने गुपचूप मेंढी कापली. असे दोन वर्षे चालले आणि अखेरीस सालकीन आपांनी नातवाकडून जिल्ह्याला पत्र लिहवून घेतले. त्या पत्राची प्रत मी अभिलेख म्हणून जपून ठेवली आहे: ‘आमच्या शाळेत रोज सकाळी दहा वाजता गुप्त मेजवानी होते आणि ज्येष्ठांना जाणूनबुजून वगळलं जातं. चौकशी व्हावी.’

चौकशी झाली. त्रिसदस्यीय आयोग आला. अध्यक्षस्थानी आपले उमेतोव साहेब. आयोगाने शाळेचे मागचे अंगण तपासले. हाडे शोधली. मग स्वयंपाकघरात प्रवेश करून साहेबांनी गंभीर स्वरात पृच्छा केली, ‘मेंढी कुठे आहे?’

एजे म्हणाल्या, ‘कुठली मेंढी?’

‘मेजवानी म्हटली की मेंढी असणारच.’

‘मेंढी नाही, साहेब. जव आहे. दाखवू?’

आयोगाला जव दाखविण्यात आले. जर्दाळू दाखविण्यात आले. जाते दाखविण्यात आले. ते एजेंच्या सासूच्या सासूचे आहे, त्यामुळे त्याला उत्पादनाचा दिनांक नाही. आयोगाच्या एका सन्माननीय सदस्याबाईंनी एक लाडू चाखला, माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, ‘आगाय, माझा धाकटा काहीच म्हणजे काहीच खात नाही हो,’ आणि तीन पुरचुंड्या आपल्या पर्समध्ये ठेवल्या. त्या बाईंचे नाव मी घेणार नाही. त्यांचा धाकटा सध्या सुदृढ आहे असे कळते.

साहेबांनी मात्र चाखले नाही. साहेबांनी लिहिले. त्यांच्या लेखणीतून जो आदेश उतरला, त्याची तीन कलमे आहेत. कलम पहिले: ‘अज्ञात मूळ असलेल्या वस्त्रात बालकांना अन्न दिले जाते.’ कलम दुसरे: ‘अन्नावर उत्पादकाचे नाव व चिठ्ठी नाही.’ कलम तिसरे, आणि हे कलम मला शासकीय साहित्याचा मुकुटमणी वाटते: ‘कोणतीही मेजवानी झालेली नसताना ती झाली असल्याचा मिथ्या समज बालकांच्या मनात निर्माण केला जातो.’ सबब, परवा सोमवारपासून दहाच्या सुट्टीत प्रत्येक मुलास कारखान्यात बंद केलेले वेफरचे एक पाकीट आणि गोड पेयाची एक डबी.

आदेशाखाली एजेंची स्वाक्षरी मागण्यात आली. एजेंनी चष्मा लावला, आदेश अथपासून इतिपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘वाचलं. सही करत नाही.’

‘का नाही?’

‘हे माझ्या पोरांच्या पोटात जाईल म्हणून.’

त्यांचे वय एकोणसाठ आहे, ही गोष्ट शासनाच्या लक्षात त्याच आठवड्यात आली. म्हणून हा निरोप समारंभ. म्हणून हा नवा मानाचा अंगरखा, चापान, ही विजेची किटली आणि ही फुले. संमत संहितेच्या तिसऱ्या परिच्छेदात, जो शाबूत आहे, लिहिले आहे की झुराकान एजे ‘स्वेच्छेने विश्रांती घेत आहेत’. सभागृहाने एजेंकडे पाहावे. त्यांनी आताच पुन्हा किटली उचलली आहे. ही विश्रांती घेणारी बाई दिसते का?

मुख्याध्यापिका मला मघापासून खूण करीत आहेत. बाई, मी पाहिली. खूण अत्यंत समर्पक आहे. मी पुढे जातो.

आदेश आला त्याच दुपारी सालकीन आपा शाळेत आल्या. आपल्या पत्राचा विजय झाला की काय, हे पाहावयास. एजेंनी त्यांना चहा दिला आणि सगळे सांगितले. आपांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मेजवानी झालीच नाही?’

‘नाही, आपा. एकसुद्धा नाही.’

‘मला कुणी वगळलं नाही?’

‘तुम्हांला वगळायची कुणाची छाती आहे?’

‘आणि दोन वर्षं तू पोरांना खोटं सांगितलंस?’

‘सांगितलं.’

मी खोकलो. मला वाटले, आता वादळ. आपांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘मग खरं कर ना ते, गाढवे.’

सभ्य स्त्रीपुरुषहो! सव्वीस वर्षे मी सिद्धांत शिकवितो आहे. इतकी स्वच्छ सिद्धता मी पाहिली नव्हती. आरोप काय? मेजवानी नसताना केशिक दिले. उपाय काय? मेजवानी करा! आपा उठल्या. त्यांनी काठी घेतली. ज्या चार घरांचे बोलणे त्यांच्यामुळे बंद झाले होते, त्यांच्या दारांपासून आरंभ करून तीन दिवसांत त्यांनी अवघे गाव पालथे घातले. शाळेचे या वर्षीचे उरलेले दिवस एकशे एकवीस. गावातली घरे एकशे शहात्तर. प्रत्येक दिवस एका घराने मागून घेतला आहे, आणि पंचावन्न घरे रुसली आहेत, की आम्हांला दिवस का नाही.

कार्याला निमित्त हवे. निमित्तांची सूची माझ्यापाशी आहे. सोमवारी टपरीवाल्या बायकेकडे: गायीला कालवड झाली. मंगळवारी मामबेताली आतांकडे: आतांचा नवा दात बसला. अध्यक्षमहाराज, हसू नये, तो दिसतो आहे. बुधवारी एका घरी छपराची गळती थांबली. गुरुवारी दुसऱ्या घरी कझाकस्तानातून मुलाचा फोन आला आणि तो स्वतःहून आला, पैसे न मागता. आपल्या लोकांना आनंद साजरा करण्यास कारण मिळत नाही, असे कोण म्हणतो?

आता कलमांकडे पुन्हा येऊ. कलम तिसरे, मिथ्या समज. समज यापुढे यथार्थ असेल, कारण मेजवानी खरोखर होईल. कलम दुसरे, उत्पादकाचे नाव. प्रत्येक पुरचुंडीला चिठ्ठी असेल, आणि तिच्यावर त्या दिवशीच्या घराचे नाव, आजीच्या नावासह, निळ्या शाईत. कारखान्याने आपल्या आजीचे नाव वेफरवर छापून दाखवावे.

आणि कलम पहिले. अज्ञात मूळ असलेले वस्त्र. साहेब, आपली वही उघडावी. या सभागृहाच्या सहा खिडक्यांना पूर्वी निळे पडदे होते. दोन वर्षांपूर्वी ते अदृश्य झाले. भांडाराच्या नोंदीत कारण लिहिले आहे: उंदीर. सहा पडदे, सळयांवरच्या कड्यांसह, खाणारे उंदीर! त्या वेळी कोणालाही शंका आली नाही, यावरून आपल्या उंदरांची ख्याती कळते. ते पडदे मी उतरविले. मी मोजले. प्रत्येकी पंचवीस सेंटिमीटर बाजूचे दोनशे अठ्ठ्याऐंशी चौरस मी स्वहस्ते कापले, आणि एजेंनी ते रोज उकळत्या पाण्यात धुतले. वस्त्राचे मूळ आता ज्ञात आहे. उंदराचे नाव एसेंगुल. आडनावाचे स्पेलिंग मी आपणांस लिहून देईन, कारण कारवाईच्या कागदात ते नेहमी चुकते.

मला ठाऊक आहे, याबद्दल माझ्यावरही आदेश निघेल. निघू दे. मला निरोप द्याल तेव्हा किटली नको, माझ्यापाशी आहे. परंतु एक गोष्ट मी या व्यासपीठावरून, अध्यक्षांच्या साक्षीने, कोणत्याही परिच्छेदाच्या संमतीवाचून सांगतो. सोमवारी दहाच्या सुट्टीत या शाळेतली चौऱ्याण्णव मुले तल्कानाचा लाडू खातील. मंगळवारीही खातील. शाळेचे स्वयंपाकघर बंद असेल, तर फाटकाबाहेर खातील. आज्यांनी नातवंडांना केशिक देऊ नये, असा आदेश काढणारे कार्यालय या पर्वतांमध्ये अद्याप बांधले गेलेले नाही, आणि बांधले, तर त्याच्या पायाभरणीच्या मेजवानीतूनही सालकीन आपा पुरचुंडी बांधून आणतील.

आणि झुराकान एजे? त्या आता शासनाच्या सेवेत नाहीत. त्या स्वतंत्र नागरिक आहेत. स्वतंत्र नागरिकाने कोणाच्या घरी सकाळी जाऊन जव भाजायला मदत करावी, तेथे पहिल्या पाहुणीचा मान घ्यावा आणि उठताना पुरचुंड्या बांधून दहाच्या सुमारास फाटकापाशी यावे, यास प्रतिबंध करणारा नियम मी शोधला. आढळला नाही. एजे, दोन वर्षे आपण रोज कार्याला गेल्याचे सांगितलेत आणि एकाही कार्याला गेला नाहीत. तेव्हा आता एकशे एकवीस आमंत्रणे. आपणांस विश्रांती देण्यात शासन यशस्वी झाले नाही, याचा खेद मानू नये.

आजचा समारंभ हे पहिले कार्य. मेंढी सालकीन आपांची. साहेब, यावेळी मेंढी आहे. मागच्या अंगणात हाडेही मिळतील. आपल्या पुढ्यात मघापासून एक निळी पुरचुंडी ठेवली आहे आणि आपण ती फायलीखाली सरकवली आहे. असू द्या. रंग निळा आहे, हरवणार नाही. आपल्या घरी दोन लहान मुली आहेत आणि धाकटी फक्त पांढरी वस्तू खाते, हे मला आपल्या वाहनचालकाने सांगितले. गाठ तिच्यासमोर सोडावी. कोठून आणलेत असे ती विचारील. आपणांस खोटे बोलावे लागणार नाही.

आता उपसंहार. अध्यक्षांनी आमचा हा उद्धटपणा दातांसह सहन केला, प्रमुख अतिथी खिंडीतून येऊन शेवटपर्यंत बसले, मुख्याध्यापिकांनी मला खुणा केल्या परंतु दिवे मालवले नाहीत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. मेंढीबद्दल सालकीन आपांचा, आणि पत्राबद्दलही त्यांचाच. माझ्या बोलण्यात कोणाचे वय, दात, गुडघे अथवा उंदीर यांविषयी अधिक-उणे झाले असल्यास उदार अंतःकरणाने पोटात घालावे. पुष्कळ झाले आहे. व्याकरणाच्या चुका माझ्या समजाव्यात. पडद्यांची मात्र क्षमा मागत नाही.

एक शेवटची गोष्ट. पहिल्या रांगेच्या टोकाला उशीवर पाय ठेवून बसलेल्या वृद्ध बाईंना पुष्कळांनी ओळखले नसेल. त्या उमसुनाय आपा. गुडघ्यांमुळे नऊ वर्षे त्या कोणत्याही कार्याला गेल्या नाहीत. आज बायकेने त्यांना टपरीच्या गाडीतून, जर्दाळूंच्या पोत्यांमध्ये बसवून आणले. म्हणजे आज त्यांच्या घरी केशिक जाईल ते त्यांच्याच हातून.

आणि त्यांची नात तिसऱ्या रांगेत एक पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली आहे. तिसरीच्या वर्गाने आज सकाळी लाडू वळले. मी चाखले, मीठ जास्त आहे, आकार भूमितीत बसत नाही. या पुरचुंडीवर चिठ्ठी नाही, कारण ती कोणासाठी आहे हे सर्वांना ठाऊक आहे. एकतीस वर्षांत एजेंना कोणी केशिक आणून दिल्याचे मला आठवत नाही.

आकमारल, ये, बाळ. पायरी सांभाळ. एजे, किटली खाली ठेवा. बाळ, काल दिवसभर तू मला विचारत होतीस ना, की देताना काय म्हणायचे? तेच म्हण, जे एजे तुला त्या खिडकीपाशी पहिली पुरचुंडी देताना म्हणाल्या होत्या. मोठ्याने म्हण, आजीला ऐकू जाऊ दे. अक्षरही बदलू नकोस. आज ते खरे आहे.